गर्भाशयाची जन्मजात रचना आणि अचूक निदानाचे मोल

वार्षिक अहवालाच्या पानांवर रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या आणि जमाखर्च यांचे तक्ते असतात. स्त्रीरोग विभागासमोर त्यांत एक आकडा लिहिलेला असतो. परंतु त्या आकड्यातील एखादी स्त्री कोणत्या शंकेने येथवर आली, तिच्या पिशवीतील जुन्या कागदांवर काय लिहिले होते आणि तिला अखेर काय सांगण्यात आले, हे तक्त्यात मावत नाही. म्हणून रुग्णालयाच्या कामाशी निगडित असा एखादा विषय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर सविस्तर मांडावा, या हेतूने हा लेख दिला आहे. विषय आहे गर्भाशयाच्या जन्मजात रचनाभेदांचे अचूक निदान.

हा विषय घरात मोकळेपणाने बोलला जात नाही. 'पिशवीत दोष आहे' एवढे शब्द एखाद्या तपासणीनंतर उच्चारले गेले की ते सासरी आणि माहेरी झपाट्याने पोहोचतात आणि पुढे त्या स्त्रीच्या नावाला कायमचे चिकटतात. वास्तविक 'दोष आहे' हे निदान नव्हे. कोणता रचनाभेद, किती प्रमाणात, त्याचा रुग्णाच्या तक्रारीशी संबंध आहे की नाही, आणि त्यावर काही करणे हिताचे आहे की काही न करणे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे निदान पूर्ण झाले. ही उत्तरे मिळण्यापूर्वीच उपचार सुरू झाले तर काय घडू शकते, ते पुढे पाहू.

गर्भाशय घडते कसे

मुलीचा गर्भ आईच्या उदरात साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याच्या शरीरात उजवीकडे व डावीकडे एकेक बारीक नळी तयार होऊ लागते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३० साली या नळ्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना म्यूलर नलिका म्हणतात. पुढील काही आठवड्यांत या दोन्ही नळ्यांचे खालचे भाग एकमेकांजवळ येऊन जुळतात व त्यांतून गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनिमार्गाचा वरचा भाग घडतो. वरचे भाग वेगळेच राहतात. त्या झाल्या दोन बाजूंच्या बीजवाहिन्या. दोन नळ्या जुळल्यावर मध्ये साहजिकच एक भिंत उरते. ती हळूहळू विरघळून जाते आणि साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत एकसंध, उलट्या नाशपातीच्या आकाराची पोकळी तयार होते.

या क्रमात तीन ठिकाणी खंड पडू शकतो. नळी मुळात तयारच झाली नाही, तयार झाली पण दुसरीशी जुळली नाही, किंवा जुळली पण मधली भिंत विरघळली नाही. गर्भाशयाचे बहुतेक सर्व जन्मजात रचनाभेद या तीनपैकी एखाद्या टप्प्यावर उद्भवतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. बीजांडकोश म्यूलर नलिकांपासून घडत नाहीत. त्यांचा उगम वेगळा आहे. त्यामुळे गर्भाशयाची रचना वेगळी असली, इतकेच काय गर्भाशय नसले, तरी बीजांडकोशांचे कार्य सहसा उत्तम चालते. दुसरी गोष्ट अशी की मूत्रपिंडांची घडण याच काळात आणि याच परिसरात होत असते. त्यामुळे गर्भाशयाचा रचनाभेद आढळलेल्या स्त्रियांत एका बाजूचे मूत्रपिंड नसणे किंवा ते जागेवर नसणे, हे इतरांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात दिसते. म्हणून गर्भाशयाच्या तपासणीबरोबर मूत्रपिंडांचीही सोनोग्राफी केल्याशिवाय निदान पूर्ण मानू नये.

कारण विचाराल तर बहुसंख्य रुग्णांत ते सांगता येत नाही. एका कारणाची मात्र निश्चित नोंद आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना डाय-इथिल-स्टिल्बेस्ट्रॉल हे औषध दिले जाई. त्यांच्या मुलींपैकी अनेकींत गर्भाशयाची पोकळी इंग्रजी 'टी' अक्षरासारखी अरुंद आढळली. १९७१ साली तेथील औषध नियंत्रकांनी गरोदरपणी हे औषध देऊ नये असा इशारा दिला. आपल्याकडे मात्र आईने ग्रहण पाळले नाही, चिरले-कापले, अमुक खाल्ले, अशी कारणे अजूनही ऐकू येतात. त्यांना काहीही आधार नाही. यात आईचा अपराध नाही आणि मुलीचाही नाही.

प्रमुख प्रकार

दोन्ही नळ्यांचा गर्भाशय घडवणारा भाग विकसितच झाला नाही, तर गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग तयार होत नाही. सुमारे पाच हजार मुलींमागे एकीत अशी स्थिती आढळते. एकच नळी पूर्ण वाढली तर गर्भाशयाची एकच बाजू तयार होते. त्याला एकशृंगी गर्भाशय म्हणतात. दुसऱ्या बाजूला कधी कधी एक अर्धवट वाढलेला कोंब राहतो. दोन्ही नळ्या वाढल्या पण जुळल्याच नाहीत, तर दोन गर्भाशये आणि दोन गर्भाशयमुखे होतात. हे दुहेरी गर्भाशय. खाली जुळल्या पण वर वेगळ्या राहिल्या, तर गर्भाशयाच्या माथ्यावर बाहेरूनच खाच पडते. हे द्विशृंगी गर्भाशय. बाहेरून माथा सलग, पण आत भिंत उरलेली, म्हणजे पडदायुक्त गर्भाशय. आणि माथ्याची आतील बाजू थोडीशीच खाली उतरलेली असेल, तर त्यास कमानदार गर्भाशय म्हणतात. यास अनेक तज्ज्ञ दोष न म्हणता नेहमीच्या रचनेचाच एक प्रकार मानतात.

असे रचनाभेद फार विरळ असतील असा समज आहे. तो बरोबर नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसाधारण स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५.५ टक्के, वंध्यत्वाची तक्रार असलेल्या स्त्रियांत ८ टक्के आणि गर्भपात झालेल्या स्त्रियांत १३.३ टक्के आढळले. पहिल्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. शंभरातील पाच स्त्रियांत काही ना काही वेगळी रचना असते आणि त्यांतील पुष्कळजणींना तिचा कधीही त्रास होत नाही. कित्येकींना ती सिझेरियनच्या वेळी किंवा अन्य कारणाने केलेल्या सोनोग्राफीत प्रथम कळते, तोवर त्यांना दोन मुले झालेली असतात. तेव्हा रचनाभेद सापडला म्हणजे तक्रारीचे कारण सापडले, असे मानता येत नाही.

नाव चुकले तर

पडदायुक्त गर्भाशय आणि द्विशृंगी गर्भाशय आतून पाहिल्यास जवळजवळ सारखेच दिसतात. दोन्हींत पोकळी वरच्या बाजूला दोन फाट्यांत विभागलेली असते. फरक आहे तो बाहेरच्या माथ्यात. पडदायुक्त गर्भाशयाचा माथा बाहेरून सलग असतो, द्विशृंगी गर्भाशयाचा माथा खचलेला असतो.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. पडदा कापण्याचा निर्णय झाल्यास तो योनिमार्गातून दुर्बीण घालून, पोटावर छेद न देता कापता येतो. त्यावर सलग माथा असल्यामुळे कापण्याची मर्यादा ठरलेली असते. परंतु गर्भाशय द्विशृंगी असेल आणि तेथे पडदा समजून कात्री चालवली, तर मधल्या भागाच्या पलीकडे थेट उदरपोकळी असते. गर्भाशयाला आरपार छिद्र पडणे, रक्तस्राव होणे, आतड्याला इजा होणे असे धोके त्यातून उद्भवतात. उलट, साधा पडदा असताना द्विशृंगी असे नाव लिहिले गेले, तर पोट उघडून दोन्ही शृंगे जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते. जर्मन शल्यविशारद पाउल श्ट्रासमान यांच्या नावाने ती ओळखली जाते. आज ती क्वचितच केली जाते, आणि ती झाल्यावर पुढच्या प्रसूतीत गर्भाशयावरील व्रणाची चिंता राहतेच.

नाव चुकल्याने होणारी हानी येथेच संपत नाही. एकशृंगी गर्भाशयाशेजारच्या अर्धवट कोंबात गर्भ रुजला तर तो वाढत जाऊन, बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात, कोंब फुटू शकतो आणि पोटात प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. साध्या सोनोग्राफीत हा कोंब गाठ म्हणून नोंदला जातो आणि दुर्लक्षित राहतो. दुहेरी गर्भाशय ध्यानात आले नाही, तर एका गर्भाशयात तांबी बसवूनही दुसऱ्यात दिवस राहू शकतात. गर्भपातासाठी किंवा अर्धवट गर्भपातानंतर पिशवी साफ करताना उपकरण रिकाम्या बाजूत गेल्यास गर्भ तसाच वाढत राहतो. कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी एकाच गर्भाशयमुखाचा नमुना घेतला जातो आणि दुसरे वर्षानुवर्षे तपासलेच जात नाही.

कोणत्या तपासणीत काय दिसते

अनेक दाम्पत्यांच्या हातात पहिला कागद असतो तो एच.एस.जी. म्हणजे नळ्यांच्या एक्स-रेचा. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून ही छायाचित्रे घेतात. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून ही तपासणी होते. बीजवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी ती अजूनही उपयुक्त आहे. मात्र रंगद्रव्य पोकळीत भरते, त्यामुळे छायाचित्रात पोकळीच दिसते. गर्भाशयाची स्नायूंची भिंत आणि बाहेरचा माथा दिसतच नाही. अंगणात पडलेल्या सावलीवरून घराचे छप्पर कसे आहे हे सांगावे, तसा हा प्रकार आहे. दोन फाट्यांमधील कोनावरून अंदाज बांधण्याची पद्धत होती, पण पडदायुक्त आणि द्विशृंगी गर्भाशयांचे कोन एकमेकांत इतके मिसळतात की त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नाही.

याच तपासणीत आणखी एक चकवा आहे. संपूर्ण पडदा गर्भाशयमुखापर्यंत उतरलेला असेल किंवा गर्भाशयमुखे दोन असतील, तर नळी एकाच बाजूत जाते, तीच बाजू रंगद्रव्याने भरते आणि अहवालात 'एकशृंगी' असे लिहिले जाते. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोगही लक्षात ठेवावा लागतो. क्षयामुळे पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि ती आक्रसून एकशृंगी किंवा 'टी' आकाराच्या गर्भाशयासारखी दिसते. तेथे जन्मजात दोषाचे नाव देणे म्हणजे उपचार करण्याजोगा एक आजार नजरेआड करणे होय.

साध्या, द्विमितीय सोनोग्राफीत शंका येऊ शकते. आडव्या छेदात अस्तराच्या दोन स्वतंत्र रेषा दिसल्या की तज्ज्ञ सावध होतो. पण गर्भाशय समोरून पाहावे असा छेद या पद्धतीने सहसा मिळत नाही. तो मिळतो त्रिमितीय सोनोग्राफीत. लंडनमधील तज्ज्ञांनी १९९५ साली या पद्धतीची तुलना एच.एस.जी. आणि साध्या सोनोग्राफीशी करून तिची उपयुक्तता दाखवून दिली. यंत्र गर्भाशयाचा संपूर्ण घनभाग साठवून घेते आणि संगणकाच्या साहाय्याने समोरचा छेद तयार करते. त्या एकाच चित्रात आतली पोकळी आणि बाहेरचा माथा अशा दोन्ही सीमारेषा दिसतात, व त्यांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजता येते. क्ष-किरण नाहीत, भूल नाही, दाखल होणे नाही. ही तपासणी पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी, कारण तेव्हा अस्तर जाड व उजळ दिसते आणि पोकळीची कड स्पष्ट उमटते. पाळी संपल्यासंपल्या केलेल्या तपासणीत तेच गर्भाशय अस्पष्ट दिसू शकते. आवश्यक वाटल्यास पोकळीत थोडे सलाईन सोडून चित्र अधिक स्पष्ट करतात.

एम.आर.आय. तपासणीतही दोन्ही सीमारेषा दिसतात. ती खर्चिक असल्याने सर्वांना सांगण्याचे कारण नाही. मात्र पाळीचे रक्त अडून राहिले असेल, अर्धवट कोंबाची शंका असेल, गर्भाशयमुख किंवा योनिमार्ग यांच्या रचनेतही फरक असेल, तर तिचा मोठा उपयोग होतो. अविवाहित मुलींची योनिमार्गातून सोनोग्राफी करणे इष्ट नसते. तेथे पोटावरून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एम.आर.आय. हा मार्ग असतो.

पूर्वी गर्भाशयात एक आणि पोटात एक अशा दोन दुर्बिणी घालून केलेली पाहणी ही अंतिम कसोटी मानली जाई. आज केवळ निदानासाठी तिची गरज बहुधा पडत नाही. फक्त गर्भाशयातील दुर्बिणीने पाहिल्यास दोन फाटे दिसतात, बाहेरचा माथा दिसत नाही. म्हणून ती एकटी तपासणीही अपुरीच.

एका गर्भाशयाला दोन नावे

उत्तम यंत्रावर, योग्य दिवशी तपासणी होऊनही दोन ठिकाणच्या अहवालांत दोन नावे येऊ शकतात. यात दर वेळी कोणाची चूक असतेच असे नाही. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने १९८८ साली केलेले वर्गीकरण दीर्घकाळ जगभर वापरले गेले, पण त्यात पडदा म्हणजे नेमका किती मिलिमीटरचा, हे सांगितलेले नव्हते. २०१३ साली युरोपातील दोन वैद्यक संस्थांनी एकत्रितपणे नवे वर्गीकरण केले. त्यानुसार माथ्याचा आतील भाग भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खाली उतरला असेल तर पडदा मानावा. अमेरिकेतील प्रजननवैद्यक संस्थेने २०१६ साली ही खोली दीड सेंटिमीटरपेक्षा अधिक आणि टोकाचा कोन ९० अंशांपेक्षा कमी असावा असे म्हटले. २०२१ सालच्या वर्गीकरणात खोलीची मर्यादा एक सेंटिमीटरवर आणली.

आता समजा, एखाद्या स्त्रीच्या गर्भाशयाची भिंत १२ मिलिमीटर जाड आहे आणि माथ्याचा आतील भाग ७ मिलिमीटर खाली उतरला आहे. सात हे बाराच्या निम्म्याहून अधिक, म्हणून युरोपीय व्याख्येने तिला 'पडदा' आहे. अमेरिकी व्याख्येने तो नाही. स्त्री तीच, गर्भाशय तेच. पण एका कागदाच्या आधारे तिला शस्त्रक्रियेची तारीख मिळू शकते आणि दुसऱ्या कागदाच्या आधारे ती निश्चिंत घरी जाऊ शकते. यावर उपाय एकच. अहवालात केवळ नाव न लिहिता भिंतीची जाडी, पडद्याची खोली, कोन, बाहेरच्या खाचेची खोली आणि वापरलेले वर्गीकरण यांची नोंद असावी, आणि समोरच्या छेदाचे चित्र सोबत जोडलेले असावे. मापे लिहिलेली असली की दुसरा तज्ज्ञ त्यावरून स्वतंत्र मत देऊ शकतो.

वयात येणाऱ्या मुलींविषयी

सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तर अनेक घरांत 'आमच्याकडे उशिराच येते' असे म्हणून थांबतात. मुलीला दाखवायला आणतात ते लग्न ठरल्यावर. तोवर बराच काळ गेलेला असतो. वाढ नीट झालेली असूनही पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नसेल, तर तज्ज्ञांना दाखवावे.

दर महिन्याला ठराविक दिवसांत पोटात तीव्र दुखते, पण पाळी मात्र येत नाही, अशी मुलगी असेल तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. योनिमार्गाच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा बंद असेल तर उपचार सोपा असतो. अडथळा वर असेल तर तो वेगळ्या प्रकारचा असतो, आणि आधी नीट चित्र न घेता छेद दिल्यास व्रण आकसून पुढील शस्त्रक्रिया अवघड होते. एक प्रकार तर अधिकच फसवा आहे. गर्भाशये दोन असून एकाच बाजूचा मार्ग बंद असतो. मोकळ्या बाजूने पाळी येत राहते, त्यामुळे अडथळ्याची शंकाच येत नाही. दुखणे मात्र महिन्यागणिक वाढत जाते. अशा मुलींत बहुधा बंद बाजूचे मूत्रपिंड नसते. म्हणून लहानपणी एखाद्या मुलीला एकच मूत्रपिंड असल्याचे कळले असेल, तर तो कागद आईवडिलांनी जपून ठेवावा आणि ती वयात येताना डॉक्टरांना आवर्जून दाखवावा.

गर्भाशयच नाही असे आढळल्यास निदानाची जबाबदारी आणखी वाढते. गर्भाशय न घडलेल्या मुलीत बीजांडकोश असतात, गुणसूत्रे स्त्रीची असतात आणि शरीराची वाढ सर्वसाधारण होते. वरवर तशीच दिसणारी दुसरी एक स्थिती आहे. तिच्यात गुणसूत्रांची मांडणी वेगळी असते, बीजांडकोशांऐवजी पोटात वृषणग्रंथी असतात आणि त्यांत पुढे गाठ होण्याचा संभव असल्याने त्यांवर लक्ष ठेवावे लागते. दोहोंतील फरक संप्रेरकांच्या आणि गुणसूत्रांच्या तपासणीने स्पष्ट होतो. ती केल्याखेरीज मुलीला किंवा पालकांना कोणतेही नाव सांगू नये.

ही बातमी कशी आणि कोणासमोर सांगितली जाते, हेही उपचारांचेच अंग आहे. मुलीला बाहेर बसवून केवळ वडीलधाऱ्यांना सांगणे योग्य नाही. शरीर तिचे आहे आणि आयुष्यही तिचे आहे. वैवाहिक जीवनासाठी योनिमार्ग रुंदावण्याचे उपाय आहेत. त्यांतील शस्त्रक्रियेविना, साधनांच्या मदतीने हळूहळू करण्याची पद्धत आधी वापरावी असे आज तज्ज्ञ सांगतात, आणि योग्य मार्गदर्शन मिळाल्यास ती बहुतेकींत यशस्वी होते. मातृत्वाचे मार्गही अगदीच बंद नाहीत. दत्तक विधान आहे. २०२१ च्या सरोगसी कायद्याने व्यापारी सरोगसीला मनाई केली असली, तरी वैद्यकीय कारण असलेल्या दाम्पत्याला विहित अटींवर परोपकारी सरोगसीची मुभा आहे. गर्भाशय प्रत्यारोपणानंतर जगातील पहिले मूल २०१४ साली स्वीडनमध्ये जन्मले, आणि भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण २०१७ साली पुण्यात झाले. हा मार्ग अजून मोजक्यांसाठीच आहे, पण 'काहीच होऊ शकत नाही' हे वाक्य आता खरे राहिलेले नाही.

निदान झाल्यावर

अचूक निदानाचा अर्थ तत्काळ शस्त्रक्रिया असा होत नाही. कमानदार गर्भाशयाला सहसा काहीच करावे लागत नाही. द्विशृंगी व दुहेरी गर्भाशय असलेल्या पुष्कळ स्त्रियांची प्रसूती सुखरूप होते. मात्र दिवस पूर्ण होण्यापूर्वी कळा सुरू होणे, बाळ पायाळू असणे, अशा शक्यतांमुळे त्यांनी नावनोंदणी लवकर करावी व देखरेखीत राहावे. एकशृंगी गर्भाशयात ही काळजी अधिक घ्यावी लागते.

पडद्याबाबत तज्ज्ञांमध्ये आजही एकमत नाही. पडदा असलेल्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण अधिक आढळते, म्हणून तो कापावा असा प्रघात वर्षानुवर्षे होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत सुमारे ऐंशी स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. पडदा कापलेल्या गटात ३१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले आणि न कापता वाट पाहिलेल्या गटात ३५ टक्के. चाचणी लहान असल्याने तिने वाद मिटला असे नाही. पण 'पडदा दिसला की कापा' हा नियम सरसकट लावता येणार नाही, इतके तिने दाखवून दिले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीचा पडदा कापण्यापूर्वी रक्त गोठण्याशी संबंधित प्रतिपिंडे, थायरॉइड, मधुमेह व आवश्यकतेनुसार पती-पत्नींची गुणसूत्रे यांची तपासणी व्हावी, आणि लाभ-हानी दोघांसमोर मांडून निर्णय घ्यावा.

कुटुंबीयांना विनंती

तपासणीस येताना जुने सर्व कागद आणावेत. एक्स-रेचा केवळ छापील अहवाल न आणता मूळ फिल्म किंवा सी.डी. आणावी, कारण अहवाल हे एकाचे मत असते, चित्र पुन्हा पाहता येते. मागील गर्भपात कोणत्या महिन्यात झाले, प्रसूतीत बाळ आडवे किंवा पायाळू होते काय, सिझेरियनच्या वेळी डॉक्टरांनी गर्भाशयाविषयी काही सांगितले होते काय, याची नोंद करून आणावी. शेवटच्या पाळीची तारीख लिहून आणावी म्हणजे तपासणीचा दिवस ठरवता येतो. शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल, तर 'बाहेरचा माथा कोणत्या तपासणीत पाहिला?' हा एक प्रश्न जरूर विचारावा. असा प्रश्न विचारल्याने कोणाचाही अवमान होत नाही. त्याचे उत्तर मिळेपर्यंत तारीख पुढे ढकलण्याने, तातडीचे कारण नसल्यास, काही बिघडत नाही.

खर्चाच्या भीतीने तपासणी अर्धवट सोडू नये. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे.

हितचिंतकांस

देणगीची पाटी यंत्रावर लावता येते आणि ते योग्यच आहे. त्रिमितीय सोनोग्राफीचे यंत्र नसते तर या लेखात सांगितलेले बरेचसे शक्य झाले नसते. परंतु यंत्रासमोर बसून घाई न करता माप घेणारा तज्ज्ञ, परगावाहून आलेल्या स्त्रीला 'पंधरा दिवसांनी पुन्हा या' असे सांगताना तिच्या प्रवासखर्चाची सोय करणारा समाजसेवा विभाग, जुन्या फिल्म सांभाळून ठेवणारी नोंदणीकक्षातील कर्मचारी आणि निदान सांगण्यासाठी दार लावून अर्धा तास देणारे डॉक्टर, यांच्यावर पाटी लावता येत नाही. आपल्या देणगीतील मोठा वाटा या न दिसणाऱ्या कामावर खर्च होतो.

अशा निदानानंतर अनेकदा शस्त्रक्रिया होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियांच्या तक्त्यात तिची नोंदही होत नाही. एखाद्या स्त्रीला अनावश्यक छेद टळला, एखाद्या मुलीचे साचलेले रक्त वेळेवर मोकळे झाले, एखाद्या घरात 'दोष' हा शब्द थांबला, तर तेही या रुग्णालयाचे वर्षभराचे काम आहे.